जावईबापूंचं वजन

सुधारित जातीचा एक बोकड बारा कुटुंबांचं भवितव्य बदलू शकतो, यावर पर्यवेक्षकांची अढळ श्रद्धा होती. बोकडाचं मत कोणी विचारलं नव्हतं.

पर्यवेक्षक पशुधन योजनेत कंत्राटावर होते. बारा शेळीवाल्या बायकांच्या गटाला मुख्यालयाकडून एक बोकड मिळाला होता. त्याने प्रत्येक घरी एक आठवडा राहायचं, तिथल्या शेळ्या गाभण करायच्या आणि पुढचं घर गाठायचं. करडं थोराड आणि एका जातीची निपजली की शहरातला व्यापारी ट्रक घेऊन थेट वस्तीच्या तोंडाशी येणार होता. तीन महिन्यांत दहा शेळ्या गाभण दिसल्या तर पर्यवेक्षकांचं कंत्राट वाढणार होतं. नाही तर सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना दुसरं काहीतरी शोधावं लागलं असतं, आणि शेळ्या सोडून त्यांना काही येत नव्हतं.

बोकडाची आबाळ होऊ नये म्हणून त्यांनी एकच नियम केला. दर सोमवारी दूध संकलन केंद्राच्या काट्यावर, सगळ्यांच्या देखत, बोकड तोलायचा. घेतला त्याहून हलका परत करायचा नाही.

बोकड आला तेव्हा सेहेचाळीस किलोचा होता. पहिली पाळी अध्यक्षबाईंची. त्यांनी एकोणपन्नासचा करून दिला. टाळ्या पडल्या. दुसरी पाळी त्यांच्या धाकट्या जाऊबाईंची. दोघींचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. जाऊबाईंनी तो चौपन्नचा केला आणि काट्याकडे न बघता अध्यक्षबाईंकडे बघितलं.

मग कोणालाच मागे राहता येईना. भिजवलेला मका झाला, शेंगदाण्याची पेंड झाली. चौथ्या घरी त्याला ‘जावईबापू’ नाव पडलं, सातव्या घरी बसायला दुहेरी पोतं आलं, दहाव्या घरी टेबलफॅन.

शेवटच्या सोमवारी काटा अठ्ठ्याहत्तरवर थांबला. टाळ्या ओसरल्यावर पर्यवेक्षकांनी विचारलं, “आणि शेळ्यांचं काय?”



“माझ्याकडे उठायचे हो,” जाऊबाई म्हणाल्या.

“आणि नंतर?”

“नंतर बसल्या जागेवरून बघायचे.”

पर्यवेक्षकांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं. “याचं खाणं निम्मं करा. रोज चालवा.”

“कोणाच्या घरी?” अध्यक्षबाईंनी विचारलं. “वजन उतरलं तर नाक कोणाचं कापलं जाईल?”

नियम त्यांचाच असल्यामुळे पर्यवेक्षक बोकड स्वतःच्या घरी घेऊन गेले. बायको दारातच उभी होती. तिने दोघांना आळीपाळीने न्याहाळलं.

“एकाला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, तो हलत नाही. हे आता दुसरे.”

“पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.”

“आणि वास?”

“होते सवय.”

“एकोणीस वर्षांत नाही झाली,” ती म्हणाली आणि खिडकी उघडायला गेली.

पर्यवेक्षक सकाळ-संध्याकाळ दोर ओढत. जावईबापू बसून राहत. आठ दिवसांत पर्यवेक्षक दोन किलोंनी उतरले आणि जावईबापू एक किलोने चढले. आपल्या घरी राहून गेलेला उपाशी आहे हे गटातल्या बायकांना बघवत नव्हतं. प्रत्येक जण दुसरीला न सांगता कुंपणावरून मका टाकून जात होती.

गुरुवारी मुख्यालयातून तपासणी अधिकारी आल्या. त्या घरोघर फिरल्या, शेळ्यांची पोटं स्वतः चाचपली. पर्यवेक्षक मागून चालत होते आणि शोधायच्या नोकरीचा विचार करत होते.

“गाभण,” बाई म्हणाल्या. पुढच्या घरीही गाभण. तेवीसपैकी एकोणीस निघाल्या. “उत्तम काम आहे तुमचं.”

पर्यवेक्षकांना आनंद होणार, एवढ्यात जाऊबाईंच्या गोठ्यामागून वीटभट्टीवाल्याचा मोकाट बोकड बाहेर आला. अंगावर मांस नाही, एक शिंग अर्धं, तोंडात कोणाच्या तरी परसातला पाला. तीन महिने सगळी वस्ती पुढच्या दारी जावईबापूंच्या सरबराईत असताना तो मागच्या दाराने येऊन जात होता. त्याला कोणी काही घातलं नव्हतं.

पर्यवेक्षक प्रामाणिक होते, हा त्यांच्यातला जुना दोष होता. “मॅडम, हे यश आपल्या बोकडाचं नाही. त्याचं आहे.”

बाईंनी त्या बोकडाकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे. “फॉर्ममध्ये बापाचा रकाना नाही.”

“आणि असता तरी आम्ही काय सांगणार होतो?” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“तर काय!” जाऊबाई म्हणाल्या. सहा वर्षांतलं दोघींचं हे पहिलं संभाषण.

कंत्राट वाढलं. पर्यवेक्षकांचं पदनामही बदलून ‘बाजारजोडणी समन्वयक’ झालं. कबूल केल्याप्रमाणे व्यापारी ट्रक घेऊन आला, पण एकट्या जावईबापूंसाठी. त्यांना चढवायला चार माणसं लागली. पुढे करडं झाली ती बारीक, चपळ आणि सात रंगांची. व्यापाऱ्याने फोनवर फोटो पाहिला आणि त्यानंतर फोन उचलला नाही.

तेव्हा करडं दर वर्षीसारखी आठवडी बाजारात न्यायची ठरली. समन्वयक छापील ओळखपत्र गळ्यात अडकवून सगळ्यांच्या पुढे चालत होते. बाजार वस्तीपासून चालत पाऊण तासावर आहे.