हिला आत सोडू नये

मी एक फोटो बोलतोय. नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी वॉचमनकाकांची खोली आहे, तिथे भिंतीवर मला चिकटपट्टीने डकवलंय. खाली जाड अक्षरांत लिहिलंय, 'वेडी. हिला आत सोडू नये.'

जन्मलो तेव्हा मी रंगीत होतो, नाट्यगृहाच्या मॅनेजरच्या मोबाइलवर. मध्ये नट आणि दोन बाजूंना दोन बहिणी. निळ्या ड्रेसातली धाकटी त्या नटापायी पुरती खुळावलेली. एकूण एक प्रयोग बघायची, मग मागच्या दाराशी थांबायची. पुढेपुढे त्याच्या घरासमोरही उभी राहू लागली. शेवटी नट वैतागला. मॅनेजरने कारकुनाला माझ्यातल्या निळ्या ड्रेसवालीचा चेहरा छापून दाराशी लावायला सांगितलं.

ऑफिसातला प्रिंटर फक्त काळंपांढरं छापतो, त्यामुळे माझ्यात निळं काही उरलंच नाही. कारकुनाने दोघींना निरखलं. धाकटी गोड हसत होती. थोरली मात्र डोळे फाडून तिच्या हातांकडे बघत होती, कारण धाकटी नटाला कधी मिठी मारेल याचा नेम नव्हता.

"हीच ती. नजर बघा ना," असं म्हणून कारकुनाने थोरलीला कापून काढलं. मला ओरडावंसं वाटलं, पण कागदाचं कोण ऐकतो?

एक निवृत्त डॉक्टरही प्रत्येक प्रयोगाला येतात आणि सगळे संवाद नटाच्या आधी पुटपुटतात. त्यांना काका 'रसिक' म्हणतात, वर चहाही पाजतात.

एकदा प्रयोगानंतर धाकटी खुशाल आत गेली. तिला न्यायला आलेल्या थोरलीला काकांनी अडवलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. ती माझ्यासमोर उभी राहिली. तिला सगळं कळलं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. एका वाक्यात ती सुटली असती.

"हो, मीच ती," ती म्हणाली. "मी नाही येणार आत. पण माझ्या बहिणीला येऊ द्या. आई गेल्यापासून ती अंथरुणातून उठत नव्हती हो. इथे यायचं म्हणून केस तरी विंचरते."

काका विरघळले. धाकटीची त्यांना दया येते, घरात असली वेडी बहीण म्हणून. थोरली आता समोरच्या फुटपाथवर उभी असते. खिडकीतून मला दिसते.

आज धाकटीने काकांना विचारलं, नटाची गाडी कुठे लावतात? काकांनी सांगूनही टाकलं. तेव्हापासून माझ्या जिवात जीव नाही.

मला काढलंत तर तिथे धाकटीचा फोटो लागेल, आणि ती पुन्हा अंथरूण धरेल. नाही काढलंत तर काय होईल, हे माझ्याने बोलवत नाही. काका, मला राहू द्या हवं तर. पण एकदा रस्ता ओलांडून जा आणि त्या बाईला विचारा, एवढी टक लावून ती कोणाकडे बघते.