जैबूनभाभीचं मत

"आत या, पण त्या विषयावर बोलायचं नाय," यूसुफ सोलकर दारातूनच म्हणाला. त्याच्या हाताला डिझेलचा वास होता.

खलील परकार ओटीवर टेकले. मतदानाचा दिवस होता. खाडीजवळच्या शाळेत सकाळपासून रांगा लागल्या होत्या. सत्तरी उलटल्यावर पहिल्यांदाच मत द्यायला ते निघाले होते, आणि एकट्याने जाणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

तरुणपणी रत्नागिरीच्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत त्यांनी सांगितलं होतं, की हुकूम फक्त अल्लाहचा. माणसांनी केलेल्या कायद्याला मत देणंही पाप आणि त्याची चाकरी करणंही पाप. लोक ऐकायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. यूसुफने मात्र तलाठ्याची नोकरी सोडली. त्याच्या बायकोला, जैबूनला, तेव्हा सातवा महिना होता. मग त्याचा उभा जन्म होड्यांची इंजिनं खोलण्यात गेला.

खलीलांचं वाचन चालूच राहिलं. एका दंगलीनंतर घरं गेलेल्या लोकांबरोबर ते कोर्टाच्या पायऱ्या चढले. ज्या कायद्याला त्यांनी नाकारलं होतं, त्यानेच एका विधवेला तिचं घर परत दिलं. तेव्हापासून ते अस्वस्थ होते. बऱ्याच वर्षांनी त्यांनी पुस्तक लिहिलं: राज्यघटना हा शेजाऱ्यांशी केलेला करार आहे, आणि दिलेला शब्द पाळणं हाच दीन, हाच धर्म. जुने चेले त्यांना सलाम करेनासे झाले.

"यूसुफ, मी चुकलो होतो."

"तुमी चुकलात आणि पुस्तक लिवलंत. मी काय करू?" यूसुफचा आवाज चढला नाही. "तुमचं तेव्हाचं बोलणं खरं, एवढ्यावर मी जगलो. आता तेच खोटं म्हणता. मग माझ्याकडे राहिलं काय?"

"माफी मागायला आलोय."

"मागू नका. माफ केलं तर तुमी सुटाल."

खलील उठले. यूसुफ दारापर्यंत आला नाही.

मत देऊन ते शाळेच्या व्हरांड्यात आले, तर बायकांच्या रांगेत जैबून उभी. ते थबकले.

"भाभी! यूसुफला पटलं म्हणायचं?"

"नाय. त्यांना सांगून आलेय. रागावून बसलेत."

खलीलांचा चेहरा उजळला. "मग माझं पुस्तक वाचलंत?"

"नाय वाचलं." तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "नोकरी सोडायची ठरली, तेव्हा तुमी दोघं बाहेर बोलत होतात. मी आतच होते, खलीलभाई. मला कोणी विचारलं नाय. आज सरकार विचारतंय, म्हणून आले."

रांग पुढे सरकली. जैबूनने डोक्यावरची ओढणी सावरली, पुढच्या बाईला हळूच विचारलं, "शाईला कुठलं बोट द्यायचं?" आणि तिने सांगितलेलं बोट आधीच ओढणीला स्वच्छ पुसून ठेवलं.