चेहरा असलेली देवी

दुपारची भांडी आवरून, पाच वर्षांच्या लेकीला, प्रीतीला, शेजारी सोडून प्रियदर्शनी देवळाच्या सभामंडपात येऊन उभी राहिली. भिंतीवरच्या देवीचं सगळं अंग रंगवून झालं होतं. गळ्याच्या वरचं तेवढं राहिलं होतं.

वाटूर फाट्यापासून आत असलेल्या या गावात देवळामागे एक जुना दगड आहे. त्यावर कोरलेली बाई बाळंत होते आहे. गुडघे फाकलेले, पोट पुढं आलेलं, आणि डोक्याच्या जागी कमळ. अशा मूर्ती भोकरदनलाही जमिनीतून निघाल्याचं प्रियदर्शनीनं कॉलेजात वाचलं होतं. जन्म देणाऱ्या बाईलाच देव मानावं, एवढं मोठं मन या मुलखात एके काळी होतं. आता त्याच दगडावर मंगळवारी तेल घालतात ते मुलगा व्हावा म्हणून. मुलगी मागायला तिथं आजवर कुणी आलेलं नव्हतं. डोकं नसलेली, नुसतं पोट असलेली बाई गावाला मोठी सोयीची होती.

नवरात्राआधी ती देवी भिंतीवर काढायचं ठरलं. देवस्थानचे अध्यक्ष रामकिसन हे प्रियदर्शनीचे सासरे. बाहेरचा पेंटर कशाला, घरात चित्रकला शिकलेली सून बसलीच आहे, असा त्यांचा हिशेब.

सुनेला तिसरा महिना होता आणि चार वाजता तिच्यासाठी गाडी येणार होती. दुसऱ्या जिल्ह्यात एक डॉक्टर पोटात काय आहे ते चोरून सांगत असे. मुलगी निघाली, तर तिथंच मोकळं करून देत असे. थोरली जाऊ दैवशाला त्याच्याकडं दोनदा जाऊन आली. तिसऱ्यांदा तिला झाकून आणावं लागलं. हार्ट बंद पडलं, असं घरच्यांनी सांगितलं आणि गावानं लगेच मान हलवली, कारण तो डॉक्टर गावातल्या बऱ्याच घरांना माहीत होता. वर्षश्राद्धाच्या आत तिच्या नवऱ्याचं, राधेश्यामचं, दुसरं लग्न लागलं. त्या पंगतीत बुंदी कमी पडली, याची मात्र गावाला फार हळहळ वाटली.

प्रियदर्शनीनं ब्रश बुडवला. कमळ काढलं नाही. रुंद कपाळ काढलं, डाव्या भुवईवरची जुनी खोक काढली, वरच्या ओठावरचा तीळ काढला, आणि समोर बघणारे डोळे.

सासू उषाबाई तेलाची बाटली घेऊन आली. सोबत शेजारची गिरिजाबाई होती. "गाडी यायच्या आधी तेल घालून घे बाई दगडावर," म्हणत उषाबाईनं वर बघितलं, आणि बाटली हातातच राहिली.

"अगं माय. ही तर आपली दैवशाला."

गिरिजाबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

निरोप पोचला तसे रामकिसन कमिटी घेऊन आले. राधेश्याम मागं खांबाआड थांबला. आठवडाभर त्या उघड्या मांड्यांखाली बसून पान खाणाऱ्यांना आज चित्र एकाएकी असभ्य वाटू लागलं.

रामकिसन सुनेशी थेट बोलत नसत. बायकोकडं बघून म्हणाले, "तिला म्हणावं, या देवीला तोंड नसतंय. पुसून टाक अन् कमळ काढ."

"आत्याबाई, मामांना सांगा, बाळंत होणाऱ्या बाईला तोंड असतंय."

"आता ही आपल्याला धरम शिकवून राह्यली," रामकिसन कमिटीकडं वळून म्हणाले.

कमिटीत रखमाजी शहाणे समजले जात. त्यांनी मधला मार्ग काढला. "तोंड राहू दे मंग. डोळे तेवढे मिटव, पोरी. बघून राह्यली ना ती. बरं न्हाई वाटत."

"कुणाला, काका?"

रखमाजी खाली बघून चपला शोधू लागले.

प्रियदर्शनीनं सासऱ्यांपुढं ब्रश धरला. लग्नानंतर ती पहिल्यांदाच त्यांच्याशी थेट बोलत होती. "मामा, तुम्हीच मिटवा. एकदा मिटवलेतच की. न्हाई तर भाऊजी मिटवतील."

राधेश्याम हातातल्या बंद मोबाइलकडं बघत राहिला.

बाहेर हॉर्न वाजला. तिचा नवरा भारत दारात आला. "चल जल्दी. नुसतं बघून येऊ."

"अन् पोरगी असली तर?"

भारतनं बापाकडं बघितलं.

"तिकडं न्हाई, हिकडं बघून सांगा," तिनं भिंतीकडं हात केला.

त्याला तिकडं बघवेना.

"मी येत न्हाई. जबरदस्ती केली, तर पोलिसांना गाडीचा नंबर अन् त्या डॉक्टरचं गाव, दोन्ही सांगते." ती सासऱ्यांकडं वळली. "अन् मामा, मंडपाच्या तीन भिंती अजून रिकाम्या हायेत. या गावातल्या कोण कोण बाया त्या गाडीतून गेल्त्या, मला सगळ्या म्हाईत हायेत."

कमिटीतल्या माणसांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं.

गाडीवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. तेव्हा गिरिजाबाई पुढं आली आणि शेजारच्या कोऱ्या भिंतीवर तिनं हात ठेवला.

"माझी लेक बी त्याच्याकडंच नेल्ती," ती म्हणाली. "तिच्या हनुवटीवर गोंदण होतं. बराबर काढ."