मिस्त्रीकाकांची वेबसाइट

मित्रांनो, मी जुनी आहे हे मला उघडताच तुमच्या लक्षात येईल. माझा निळा रंग आता कुणी वापरत नाही आणि मोबाइलवर माझी एक कड बाहेरच राहते. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकाकांची मी वेबसाइट. मला डोळे नाहीत. कोण काय शोधत आले आणि किती वेळ थांबले, एवढेच मला कळते. बाकीचे मी वर्कशॉपमधल्या संगणकाकडून काढून घेते, कारण मला नसत्या चौकशांची खोड आहे.

मला काकांच्या पुतणीने बनवले. ती एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती आणि सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपमध्ये येऊन बसायची. ज्या मोठ्या दुकानातून काकांकडे कामे यायची, ते नुकतेच बंद झाले होते. नवी गिऱ्हाइके मिळाली नाहीत तर काकांना वर्कशॉप गुंडाळून कुठल्यातरी कारखान्यात नोकरी धरावी लागणार होती. पन्नाशीत दुसऱ्याच्या हाताखाली जायचे त्यांच्या अगदी जिवावर आले होते.

माझा पहिला मजकूर काकांनीच सांगितला. "लिही, शटल टायमिंग आणि टेन्शन असेंब्ली अचूक करून मिळेल." पुतणीने लिहिले. वर चमचमणारे तारे लावले आणि उघडताच वाजणारे संगीतही घातले. मी स्वतःवर भलतीच खूश होते. तळाशी किती जण आले ते दाखवणारा आकडा होता, तो काका रोज सकाळी बघायचे.

"बघ, आज नऊ जण येऊन गेले!"

"काका, ते नऊही तुम्हीच आहात."

तीन महिने असेच गेले. लोक येत का नाहीत, ते काय शोधत असतील, या विचाराने मला चैन पडेना.

काकांची एक पद्धत होती. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मशीनला ते सुतळीने चिठ्ठी बांधत आणि गिऱ्हाईक जे बोलले ते जसेच्या तसे तिच्यावर लिहीत. "आधी त्यांचं म्हणणं लिहायचं. माझं डोकं मशीन उघडल्यावर चालवतो," असे ते म्हणत. काम झाल्यावर चिठ्ठ्या खणात जात. एकदा पुतणी कात्री शोधत होती आणि तिने नेमका तोच खण उघडला. खालचा दोरा गुंततो. मधेच टाके सोडते. माझ्या हातात कुरकुरते, बहिणीच्या हातात गप्प बसते. वाचता वाचता ती खाली फरशीवरच बसली.

"काका, लोक हे असं विचारतात! तुमचं शटल टायमिंग कोण शोधणार?"

तिने तारे काढले, संगीत बंद केले. एकेका तक्रारीला एकेक पान दिले आणि त्यावर काकांच्या हातांचे फोटो लावले. पत्ता, वेळ, फोन नंबर सगळ्यात वर आणला. गावभर ओळखी असलेल्या एका शिवणक्लासच्या बाईंनी त्यांच्या वेबसाइटवर माझा दुवा टाकला. काम घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला पुतणी सांगायची, "चार ओळी लिहा. आवडलं नसेल तर तेही लिहा."

एका पानावरून मात्र काका चिडले.

"सुई उलटी बसली असेल, काढून नीट बसवा, हे तू सांगूनच टाकलंस. मग ती बाई इकडे कशाला येईल?"

"सुईसाठी आलेल्या बाईकडून तुम्ही कधी पैसे घेतलेत?"

ते पान राहिले.

त्याच पानावर एक बाई सात मिनिटे थांबली. सात मिनिटे! कोण असेल, सुई हातात धरून वाचत असेल का, चष्मा असेल का तिला? आठवड्याने ती मशीन उचलून वर्कशॉपात हजर झाली. "माझी तुमचं वाचून सुरू झाली. ही शेजारणीची आहे, हिला तुम्हीच हात लावा." मग हळूहळू लोक येऊ लागले आणि नोकरीचे नाव काकांनी सोडले.

पुढे पुतणीची दूरच्या शहरात बदली झाली. काका माझा पासवर्ड विसरले. त्यांचा फोन नंबर बदलला, वर्कशॉप दोन गल्ल्या पलीकडे गेले, पण मला कुणी सांगितले नाही. मी येईल त्याला जुनाच पत्ता छातीठोकपणे देत राहिले. जुन्या शटरवर चिकटवलेला नव्या पत्त्याचा कागद केव्हाच निघून गेला होता. लोक माझ्याकडे परत येऊन निरोप लिहीत. ते माझ्याकडे साठत, पण त्यांची सूचना पुतणीच्या बंद झालेल्या ईमेलवर जाई. "दोनदा येऊन गेले. शटर बंद. काका, तुम्ही बरे आहात ना?" मी हे वाचत होते आणि मला कुणाला हाकही मारता येत नव्हती.

दोन वर्षांनी काकांनी वर्कशॉप बंद करायचे ठरवले. आवराआवरीला पुतणी आली. मलाही बंद करून टाकावे म्हणून तिने मला उघडले. पासवर्ड तिच्या लक्षात होता. आत एकशे त्रेचाळीस निरोप होते. ती मोठ्याने वाचू लागली. काका नटबोल्टचे पाने फडक्यात गुंडाळत होते, त्यांचे हात थांबले.

"एवढे लोक आले होते? मला वाटलं, आता कुणाला माझी गरजच नाही."

पुतणीने आधी माझा पत्ता आणि नंबर बदलला. मग काका एकेकाला फोन करत बसले. काहींनी नवीन मशीन घेतली होती, बरेच जण उद्याच येतो म्हणाले. एक बाई म्हणाली, "दिवाळीच्या आदल्या दिवशी भंगारात दिली हो काका. आईची होती. तुमच्याशिवाय कुणाला दाखवायची नव्हती." काकांनी फोन खाली ठेवला.

वर्कशॉप चालू आहे. निरोप आता काका स्वतः रोज वाचतात, चष्मा पुसून, एक एक अक्षर.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी माझ्यासारखी एखादी वेबसाइट बनवाल. तिला सजवले नाही तरी चालेल. पत्ता बदलला की तिला सांगा आणि कुणी काही विचारले तर लगेच उत्तर द्या. त्या बाईच्या निरोपावरची तारीख मी पाहिली आहे. मशीन भंगारात देण्याआधी तिने सव्वीस दिवस वाट पाहिली होती.