सवय होईल

शालनने उजवा पाय पुढे टाकला, हवेतच थांबवला आणि परत मागे घेतला. आत येताना नीट होती ती पायरी आता वर उचलली गेली होती आणि वर येऊन थोडी डावीकडे कललीही होती. दुकानाच्या शटरची पट्टी एका हाताने घट्ट धरून तिने मागे न वळताच हाक मारली.

"अरे बाळा, हा चष्मा परत घे बाबा. ह्यातनं जमीन हलतीय."

दुकानाचा मालक शिवतेज काउंटरमागून बाहेर आला. दोन नंबर एकाच काचेत बसवलेला चष्मा पहिल्यांदा लावणारं प्रत्येक माणूस त्याच्या पायरीवर असंच अडून बसत असावं, कारण तो जराही गडबडला नाही.

"जमीन नाय हलत, मावशी. तुम्ही वाचायच्या काचेतून पायरी बघताय. नुसते डोळे खाली नका करू, अख्खी मान खाली घाला."

शालनने मान खाली घातली. पायरी मुकाट्याने आपल्या जागी जाऊन बसली. शालन उतरली, रस्त्याच्या कडेला उभी राहिली, पण समाधान काही होईना. चार दिवस झाले होते चष्म्याला, आज तो पिशवीत घालूनच ती तक्रार करायला आली होती, आणि चारही दिवस तिने घरातल्या प्रत्येक दुखण्याचं खापर त्याच्यावरच फोडलं होतं.

"आणि डोकं जड होतं त्याचं काय? सकाळी उठलं की दुपारपर्यंत कापूस भरल्यागत वाटतंय."

"उठल्या उठल्या? म्हणजे चष्मा लावायच्या आधी?"

शालनने आठवून पाहिलं. "आधीच."

"मग ते माझ्या चष्म्याचं नाय, मावशी," शिवतेज हसला. "चष्म्याचं टेन्शनच घेऊ नका. सवय होईल."

बिचाऱ्याने चांगल्या मनाने म्हटलं होतं. पण 'सवय' हा शब्द शालनने आधीही एकदा ऐकला होता. कोपरखैरण्याच्या बाजारातून माथाडी वसाहतीतल्या आपल्या बैठ्या घराकडे ती मान वर-खाली करत चालत राहिली, आणि तो शब्द तिच्याबरोबर चालत राहिला.

सहा वर्षांपूर्वी तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं आणि झोप गेली ती गेलीच. तेव्हाच्या डॉक्टरांनी एक इवलीशी पांढरी गोळी लिहून दिली. सवय-बिवय काही होत नाही, असं वर ठणकावून सांगितलं. शालनने विश्वास ठेवला. गोळी घेतली की रात्री नऊलाच घर तिच्यापुरतं मिटून जायचं. मग एकीच्या दोन झाल्या. मग दिवसाही तिच्या डोळ्यांवर झापड राहू लागली. एकदा मुलगा निखिल द्रोणागिरीहून अचानक आला, तर गॅसवर पातेलं जळून काळं झालेलं, घरभर धूर, आणि आई ओट्याला टेकून बसलेली, डोळे उघडे. त्याने त्याच आठवड्यात तिला वाशीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी गोळी एकदम तोडली नाही. दोनाची एक, एकीची अर्धी, अर्धीची चतकोर, असे महिने गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं, "काका, पाकीट तुमच्या ताब्यात ठेवा. मावशी मागतील, रडतील, तुम्ही द्यायची नाही." आणि हौसेरावांनी, म्हणजे शालनच्या नवऱ्याने, ते खरोखरच कुठेतरी असं लपवलं की शालनला पाळत ठेवूनही सापडलं नाही. हे आता हसण्यावारी नेता येतं. तेव्हा तिने त्या माणसाला नको नको ते बोलून घेतलं होतं.

पितृपक्ष लागला तेव्हा शेवटची चतकोरही बंद झाली. त्यानंतरच्या रात्री शालनला आठवायच्यासुद्धा नको होत्या. अंगाखालून मुंग्या चालायच्या, पंख्याचा आवाज कानात खुपायचा, आपण आता वेडे होणार असं वाटून ती भिंतीशी जाऊन बसायची. आणि मग एके रात्री झोप आली. आपसूक, गाढ, पूर्वीसारखी. सकाळी ती अंथरुणात बसून रडली होती, आनंदाने. त्याच दिवशी तिने पाटणला बहिणीला फोन लावला.

"सोडली बघ. माझी मी सोडली."

हे वाक्य शालनचं स्वतःचं होतं. माहेरचं, सासरचं, पोराचं, नवऱ्याच्या मार्केटचं करण्यात जन्म गेला होता. पण हे एक काम तिने स्वतःसाठी केलं होतं. भाजीवाली म्हणाली, "काकी, तोंडावर तेज आलंय," तर तिलाही ती हेच सांगून आली होती. डोकं सकाळी जड व्हायचं, हात थोडे गळाल्यासारखे वाटायचे, पण नवा चष्मा आला आणि दोष द्यायला जागा मिळाली. आता शिवतेजने ती जागाही काढून घेतली.

घरी पोहोचली तर हौसेराव दारातच उभे होते. जन्मभर वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या गोण्या वाहिल्या होत्या त्यांनी. निवृत्त झाले तरी उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली तो खालीच राहिला होता.

"काय म्हनला पोरगा?"

"सवय होईल म्हणाला."

"हुईल की," ते म्हणाले आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी नेहमीसारखा हळदीच्या दुधाचा पेला आणून तिच्या हातात दिला. ज्या माणसाने कधी स्वतःचं पाणी भरून घेतलं नाही, तो गोळी सुटल्यापासून रोज दूध तापवत होता, ढवळत होता, आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभा राहत होता. शालन त्याची चेष्टा करायची. मनातून मात्र तिला ते फार आवडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या तिने चष्मा लावला. सवय व्हायची तर दिवसभर लावायचा, असं ठरवूनच. एरवी चहाच्या वाफेने काचा धूसर होतात म्हणून ती स्वयंपाकघरात तो लावत नसे. आल्याचा तुकडा घेतला, पितळी खलबत्ता पुढे ओढला, आणि शिवतेजने सांगितल्याप्रमाणे अख्खी मान खाली घातली.

खलाच्या तळाशी, कडेला, काहीतरी पांढरं होतं.

तिने नखाने खरवडलं. भुकटी होती. भुकटीत तांदळाच्या कणीएवढा एक तुकडा होता, आणि त्याच्या सपाट बाजूवर एक रेघ. त्या रेघेवर नख ठेवून तिने कित्येक महिने गोळीचे दोन भाग केले होते. डोळे मिटूनही तिला ती ओळखता आली असती. आज तर चष्मा होता.

शालन ओट्याला टेकली. राग नंतर आला. आधी आठवला तो बहिणीला केलेला फोन.

हौसेराव दुधाची पिशवी घेऊन आत आले, तेव्हा तिने तळहात पुढे केला.

"हे काय हाय?"

त्यांनी वाकून पाहिलं. "चुना असंल."

"चुन्याला रेघ असते?"

दुधाची पिशवी त्यांनी ओट्यावर ठेवली, ती घसरली, पुन्हा नीट ठेवली. मग भिंतीला टेकून खाली बसले.

"कधीपास्नं?"

"त्या रात्री तू भिंतीवर डोकं आपटाय लागलीस. तवापास्नं."

"रोज?"

"रोज. चतकोरच. अंदाजानं. एखाद्या दिशी जास्त पडली असंल."

शालनला सगळं एकदम कळलं. ती गाढ झोप, ते सकाळी कापूस भरल्यागत होणारं डोकं, समोर उभं राहून पाजलेलं दूध. तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं आणि चष्म्याच्या खालच्या काचेत साठलं.

"बहिणीला फोन करून सांगितलं मी. माझी मी सोडली म्हणून. त्या भाजीवालीला सांगितलं. तुम्ही शेजारी बसून ऐकत होता!"

"बघवंना मला, शालन."

"मग बघायचं नव्हतं! भायेर जाऊन बसायचं होतं!"

"आगं, मार्केटात आमी काय करायचो?" हौसेराव जमिनीकडे बघत बोलू लागले. "गोणी पाठीवरनं एकदम सोडली तर कंबर जाती मानसाची. उतरवताना बी दुसऱ्यानं हात लावावा लागतो. तू एकटीच उतरवत हुतीस. मी म्हटलं, जरा हात लावावा. एवढंच केलं म्या."

शालनने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. लग्न होऊन आली तेव्हा ती रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन मार्केटात जायची. ट्रकच्या सावलीत उभी राहून तिने ती उतरवाउतरवी वर्षानुवर्षं पाहिली होती, आणि नुसती पाहिली नव्हती, ऐकलीही होती.

"आणि हात लावताना तुमच्या टोळीत काय म्हणायची रीत होती?"

हौसेरावांनी मान वर केली.

"सांगा की. तिथं उभी असायची मी."

"'दिली?' म्हनायचं."

"आणि समोरच्यानं 'घेतली' म्हटल्याबिगर?"

"हात सोडायचा न्हाय."

"मला विचारलंत?"

बाहेर कचऱ्याची गाडी आली आणि गाणं वाजवत पुढच्या गल्लीत गेली. एवढा दांडगा गडी भिंतीशी अंग चोरून बसलेला बघून शालनला त्यांची कीव आली. पण रागही गेला नव्हता. दोन्ही एकाच वेळी होतं, आणि दोन्ही खरं होतं.

डॉक्टरीणबाईंना फोन तिनेच लावला आणि आवाज मोठा करून मोबाईल दोघांच्या मध्ये ठेवला. बाईंनी आधी शालनला सगळं विचारलं, मग हौसेरावांना फैलावर घेतलं.

"काका, लपवून दिलेल्या गोळीचा अंदाज मी कसा बांधायचा? त्यांना झोप लागतेय म्हटल्यावर मी कौतुक करत बसले इथे!"

"चुकलं, बाई."

"आता पुन्हा एकदम बंद करायची नाही. रोज मोजून चतकोर, आणि सोमवारी दोघंही या. मावशी, परत थोडं मागे जाऊन सुरुवात करू. जमेल ना?"

शालनला नाही म्हणावंसं वाटलं. ते महिने, त्या मुंग्या, तो पंख्याचा आवाज. पुन्हा? तिने खलबत्त्याकडे पाहिलं. बाई पलीकडे थांबून होत्या.

"जमेल," ती अखेर म्हणाली.

फोन ठेवल्यावर हौसेराव आत गेले आणि गोळ्यांचं पाकीट आणून तिच्यापुढे ठेवलं.

"तुझ्यापाशीच ठेव. माझा आता काय भरवसा?"

शालनने ते उचललं. सहा वर्षं तिने ही पाकिटं फोडली होती, पण त्यावर काय लिहिलंय ते कधी धड वाचलं नव्हतं. मान खाली घालून, काचेच्या खालच्या भागातून तिने गोळीचं नाव वाचलं, ताकद वाचली, लाल अक्षरातली सूचनाही वाचली. अक्षरं स्वच्छ होती. आणि ती वाचता वाचता तिला जिभेवर ती कडवट चव आली, अगदी खरी. एक पुरी गोळी घेतली तर आजचा दिवस कसा सुटसुटीत संपून जाईल हेही तिला कळलं.

तिने पाकीट त्यांच्याकडे सरकवलं.

"तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. मला अजून झेपायचं नाही."

मग ती बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसली आणि बहिणीला फोन लावला. बराच वेळ बोलली. आत हौसेराव बिन आल्याचा चहा करत होते, आणि त्यांना तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

त्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर लगेच जेवणं उरकली. दूध तापलं नाही. हौसेराव पाकीट, सुरी आणि एक बशी घेऊन आले आणि दिव्याखाली, तिच्या समोर बसले. रेघेवर सुरी ठेवून त्यांनी गोळी कापली, अर्धीची पुन्हा अर्धी केली, उरलेले तुकडे कागदात बांधून ठेवले. चतकोर त्यांच्या रुंद, घट्टे पडलेल्या तळहातावर आली. त्यांनी हात पुढे केला. बोलताना त्यांना अवघड गेलं.

"दिली?"

शालनने मान खाली घातली. तुकडा तिने दोन बोटांत नीट धरला.

"घेतली," ती म्हणाली.

तेव्हा कुठे हौसेरावांनी हात मागे घेतला.