मास्तरांचं मौन

अठरा मिनिटं कापली नाहीत तर सिनेमा लागणार नाही, असं वितरकाने स्पष्ट सांगितलं होतं. घोडं अडलं होतं ते शांततेपाशी. चिरंजीव या तरुण दिग्दर्शकाच्या पहिल्याच सिनेमात पात्रं बोलून झाल्यावर दहा-दहा सेकंद नुसती बसून राहतात आणि त्यातला एक सेकंदही दिग्दर्शकसाहेब सोडेनात. मी संकलक. आठ दिवस डोकेफोड करून कंटाळले, शेवटी मास्तरांनाच बोलावलं. चिरंजीव त्यांच्या हाताखाली तयार झालेला आणि मास्तरांचे सगळे सिनेमे मीच जोडलेले.

मास्तर आले, खुर्चीत टेकले, सिनेमा पूर्ण पाहिला. मग कलेवर चर्चा सुरू झाली. म्हणजे बोलत होता चिरंजीवच: शांतता हाच सिनेमाचा श्वास, शब्द संपतात तिथे माणूस सुरू होतो, वगैरे. मी जांभई दाबली. मास्तरांवरच्या लेखांत हे सगळं वाचून झालं होतं.

"हे कुठे शिकलास?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्याकडेच."

झाकली मूठ तीस वर्षं सव्वा लाखाची राहिली होती. मास्तरांनी ती उघडली.

"अरे, मला पहिल्या सिनेमापासूनच कमी ऐकू येतं. संवाद संपला की नाही, कळायचं नाही. सांगितलं असतं तर काम गेलं असतं. म्हणून नटाचे ओठ थांबले की मनात दहा आकडे मोजायचे आणि मग कट म्हणायचं."

"मी कापायला घेतलं तर माझा हात धरलात तुम्ही," मी म्हणाले. मला खरंच राग आला होता.

"पहिल्या सिनेमाला कापायला वेळच नव्हता. तसाच गेला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. पुढे हिंमत झाली नाही."

चिरंजीवाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "कापा, ताई."

संध्याकाळपर्यंत अठराच्या जागी बावीस मिनिटं गेली. सिनेमा एकदम उभा राहिला. पोराचे डोळे भरून आले. वितरकाला फोन करायला तो बाहेर गेला. मास्तर रिकाम्या पडद्याकडे पाहत बसले होते.

"चांगला झाला ना?" त्यांनी विचारलं.

"फार चांगला झाला."

"मग माझेही झाले असते."

खोटं बोलता आलं असतं, पण आठ दिवसांनी मी फार दमले होते. मी हो म्हणाले, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानेच म्हणाले.