पाचवं काज

"सांगून कोणाला पटणार नाही," बाई म्हणाल्या, "पण माझ्या धाकट्या भावाने भर वादळात, डोलत्या जहाजावर, एका दमात कोटाची बावीस बटणं लावली. तीही डाव्या हाताने. उजव्याने सुकाणू धरलं होतं."

शिकाऊ मुलीची पेन्सिल थबकली. तिला वहीत एवढंच लिहून न्यायचं होतं, की मुलांच्या हातांना रोजची कामं शिकवायचा हा पेशा बाईंनी का पत्करला. गेल्या वर्षी आलेलीला बाईंनी हाच भाऊ सर्कशीत दाखवला होता.

शेजारच्या बुटक्या खुर्चीत भिंगरी बसली होती. वय सात, बोटं ताठर, जीभ मात्र वंगण घातल्यासारखी. तिच्यापुढे फळीवर ताणून ठोकलेला लहान मुलाचा सदरा. बटणं पाच. खोलीचा नियम असा, की खालून वर चार लावायची. पाचवं घरी जाऊन, स्वतःच्या कपड्याला. तीस वर्षांत बाईंनी एकालाही पाचव्याला हात लावू दिला नव्हता.

"त्याचीही बोटं अश्शीच लाकडं होती," बाई भिंगरीला म्हणाल्या. "हाच सदरा. पाचही लावली आणि वर मलाच विचारतो, ताई, तुझी वेणी घालून देऊ का?"

भिंगरी खुदकन हसली आणि तिसऱ्या बटणाला भिडली. भाऊ असा कामाचा होता. त्याच्या जोरावर किती पोरांनी चमचा धरला, बुटांच्या नाड्या बांधल्या. त्याला जमलं तर मला का नाही, एवढं पोरांना पुरे व्हायचं. म्हणून तर बाईंनी त्याला दरसाल वाढवत नेलं होतं. मिशा दिल्या, बायको दिली, यंदा जहाज दिलं. पाचव्या बटणापर्यंत कोणी पोचत नव्हतं, तोवर तो सुखरूप होता.

खोली रिकामी झाली की मात्र तो सातच वर्षांचा असे; त्यापुढे तो कधी वाढलाच नव्हता. पाठीशी उभा राहून एकच पालुपद. ताई, थांब ना, मी लावतो. आणि बारा वर्षांची ताई शाळेला उशीर होतोय म्हणत त्याचे हात बाजूला सारत असे. शेवटी आईनेच तोड काढली. नव्या सदऱ्याची चार काजं कापून दिली, पाचव्याला नुसते टाके घालून ठेवले. चार तुझ्या हाताने लाव, त्याला म्हणाली, मग पाचवं कापते.

इकडे वादळ रंगात आलं होतं. शिकाऊ मुलगी हसतेय म्हटल्यावर बाईंनी जहाजाखाली एक देवमासाही घातला, आणि त्या नादात फळीकडे बघायचं राहिलं. चौथं बटण कधी लागलं ते त्यांना कळलंच नाही. भिंगरीने पाचवं चिमटीत धरलं, जागेवर नेलं, दाबलं, पुन्हा दाबलं. मग नखाने चाचपून पाहिलं.

"बाई, याला भोकच नाही," ती म्हणाली. "तुमच्या भावाने हे लावलंच नाही कधी."